जुना खेळाडू परत घ्यावा का?

संघ हरू लागला की चाहत्यांना जुने खेळाडू आठवू लागतात. ‘तो होता तेव्हा काय खेळ व्हायचा! त्याला परत आणा, सगळे सुरळीत होईल,’ असे एक जण म्हणतो. ‘छे, आता तो संपला. गेल्या वर्षीचा त्याचा खेळ पाहिला नाहीस का?’ असे दुसरा म्हणतो. आपल्याकडे हा वाद क्रिकेटवरून होतो, अमेरिकेत बास्केटबॉलवरून. दोन्ही बाजूंकडे आकडे असतात, आणि ते खरेही असतात. तरीही वाद मिटत नाही.

याचे कारण असे की वाद आकड्यांचा नसतोच. थोड्या दिवसांच्या कामगिरीवरून पुढच्या कामगिरीचा अंदाज कसा बांधावा, हा खरा प्रश्न असतो आणि तो संख्याशास्त्राचा आहे. एका चाचणीतील गुणांवरून मुलाला ‘हुशार’ किंवा ‘कच्चा’ ठरवताना शिक्षकासमोरही हाच प्रश्न उभा असतो. म्हणून आम्ही आज बास्केटबॉलमधील एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेणार आहोत.

न्यूयॉर्क, जुलै २०१२

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत एक संघ एका हंगामात साधारणपणे ८२ सामने खेळतो. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू असतात. त्यांतील ‘पॉइंट गार्ड’ चेंडू घेऊन येतो, चाल रचतो आणि साथीदारांना गुण करण्याची संधी देतो. ज्या पासवर साथीदार लगेच गुण करतो त्या पासला ‘असिस्ट’ म्हणतात. म्हणून पॉइंट गार्डच्या खेळाचा हिशेब दर सामन्याला किती गुण आणि किती असिस्ट असा मांडतात.

२०१२ च्या जुलैत न्यूयॉर्क निक्स या संघापुढे पॉइंट गार्डच्या जागेसाठी दोन नावे होती. पहिले जेरेमी लिनचे. हार्वर्ड विद्यापीठातून आलेल्या या खेळाडूला २०१० च्या निवडप्रक्रियेत कोणत्याच संघाने घेतले नव्हते. दोन संघांनी त्याला सोडून दिल्यावर तो निक्समध्ये आला आणि बाकावर बसून राहिला. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याला संधी मिळाली आणि त्याने २५ गुण केले. पुढच्या सहा सामन्यांत त्याचे गुण होते २८, २३, ३८, २०, २७ आणि १०. हे सातही सामने निक्सने जिंकले. सामन्याच्या सुरुवातीपासून खेळण्याची संधी मिळालेल्या पहिल्या पाच सामन्यांत त्याने १३६ गुण केले. १९७६ नंतर एनबीएत इतके गुण अशा पहिल्या पाच सामन्यांत कोणीच केले नव्हते. सारे शहर वेडे झाले. मार्चमध्ये गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला आणि त्याचा करारही संपत आला होता. ह्यूस्टन रॉकेट्स या संघाने त्याला तीन वर्षांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर देऊ केले. नियमाप्रमाणे निक्सने तेवढाच करार दिला असता तर लिन त्यांच्याकडेच राहिला असता.

दुसरे नाव होते रेमंड फेल्टनचे. तो निक्सचा माजी खेळाडू. २०१०-११ च्या हंगामात तो न्यूयॉर्ककडून ५४ सामने खेळला आणि त्यांत त्याने सरासरी १७.१ गुण व ९.० असिस्ट अशी कामगिरी केली. फेब्रुवारी २०११ मध्ये कार्मेलो अँथनी या नामवंत खेळाडूला मिळवण्यासाठी निक्सने फेल्टन डेन्व्हरला देऊन टाकला. पुढच्या हंगामात तो पोर्टलंडकडून खेळला, पण तिथे त्याची सरासरी ११.४ गुणांवर आली.

निक्सने लिनला जाऊ दिले आणि फेल्टनला परत आणले. चाहत्यांत दोन तट पडले. ‘आमचा जुना माणूस घरी आला,’ असे काही म्हणत. ‘शहर पेटवणाऱ्या पोराला घालवून पोर्टलंडचे टाकाऊ उचलले,’ असे इतर म्हणत.

कोणता फेल्टन खरा?

फेल्टनपुरते बोलायचे तर वाद दोन आकड्यांत होता, १७.१ आणि ११.४. बाजू घेणाऱ्याला १७.१ आठवत होते, विरोध करणाऱ्याला ११.४. पण हा खेळाडू काही २०१० साली जन्माला आलेला नव्हता. त्याआधी तो पाच हंगाम शार्लट या संघाकडून खेळला होता. त्या पाच हंगामांतील त्याची गुणांची सरासरी क्रमाने ११.९, १४.०, १४.४, १४.२ आणि १२.१ अशी होती. हे सामने सुमारे ४०० भरतात. म्हणजे वादातील दोन्ही आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक माहिती बाजूला पडून होती.

शार्लट, न्यूयॉर्क, डेन्व्हर आणि पोर्टलंड या साऱ्या सामन्यांची एकत्र सरासरी काढली तर ती साधारण १३.४ येते. आता कल्पना करा की जुलै २०१२ मध्ये एखाद्या शाळकरी मुलाला कागद-पेन्सिल देऊन विचारले, ‘पुढच्या हंगामात फेल्टन किती गुण करील?’ त्याने बास्केटबॉल कधी पाहिलेलाही नाही. तो ही सरासरी काढून म्हणेल, ‘साडेतेराच्या आसपास.’

२०१२-१३ च्या हंगामात फेल्टनने दर सामन्याला १३.९ गुण केले.

एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो ते इथेही लागू आहे. अंदाज इतका जवळ येण्यात योगायोगाचाही भाग आहे. पण दिशा पाहा. खूप वरचा आकडा आणि खूप खालचा आकडा हे दोन्ही टिकले नाहीत. पुढचा आकडा मधल्या पातळीकडे सरकला. असे पुन्हापुन्हा घडते आणि त्यामागे साधे कारण आहे.

कामगिरीचे दोन घटक

कोणतीही मोजलेली कामगिरी दोन घटकांची बनलेली असते. एक घटक टिकाऊ असतो, उदाहरणार्थ अंगचे कौशल्य, उंची, सराव. दुसरा बदलता असतो. त्यात नशीब येते, पण केवळ नशीब नव्हे. त्या वर्षीचे साथीदार, प्रशिक्षकाची पद्धत, मैदानावर मिळणारी मिनिटे, तब्येत, प्रतिस्पर्धी हे सारे त्यात धरावे लागते. खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात जातो तेव्हा पहिला घटक बरोबर नेतो, दुसरा मागे राहतो.

आता एखाद्याची असाधारण चांगली कामगिरी आपण निवडून काढली, तर त्यात काय असण्याची शक्यता अधिक? कौशल्यही चांगले आणि बदलता घटकही अनुकूल. पुढच्या वेळी कौशल्य तेवढेच राहील, पण बदलता घटक पुन्हा तितकाच अनुकूल असेल असे नाही. तो सरासरीच असण्याची शक्यता अधिक. म्हणून कामगिरी खाली येते. असाधारण वाईट कामगिरीच्या बाबतीत याच कारणाने उलट होते. याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

ही कल्पना प्रथम नीट मांडली ती इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी. १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी ९२८ प्रौढ मुलामुलींच्या उंचीची तुलना त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी केली. फार उंच आईबापांची मुले उंच होती, पण आईबापांइतकी नव्हेत. सर्वसाधारण उंचीपासून आईबाप जितके दूर, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर मुले होती. फार बुटक्या आईबापांच्या बाबतीतही हेच दिसले.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. उंच माणसांना खाली ओढणारी काही शक्ती निसर्गात आहे, असे वाटू लागते. तसे काही नाही. हीच तुलना उलटी करून पाहावी. फार उंच मुले निवडली तर त्यांचे आईबापही सरासरीच्या अधिक जवळ असतात. पुढच्या पिढीने मागच्या पिढीला ओढले असे तर कोणी म्हणणार नाही! आपण टोकाचे उदाहरण निवडले, हेच परतण्याचे कारण. फेल्टनच्या १७.१ च्या आधीच्या हंगामात १२.१ आहे आणि नंतरच्या हंगामात ११.४. शिखर निवडले की दोन्ही बाजूंना उतारच दिसणार.

वर्गात करून पाहा

हे समजावण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. ४० विद्यार्थ्यांचा वर्ग आहे असे समजा. १०, १२, १४ आणि १६ हे आकडे लिहिलेल्या प्रत्येकी दहा चिठ्ठ्या करा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक चिठ्ठी उचलावी आणि कोणालाही न दाखवता जपून ठेवावी. हे त्याचे ‘कौशल्य’. मग प्रत्येकाने दोन फासे टाकावेत. फाशांची बेरीज हा त्याचा ‘बदलता घटक’. दोन्ही मिळवून येणारा आकडा फळ्यावर लिहावा. चिठ्ठ्यांची सरासरी १३ आणि दोन फाशांच्या बेरजेची सरासरी ७, म्हणून वर्गाची सरासरी २० च्या आसपास येईल.

आता फळ्यावरचे सर्वांत वरचे पाच आणि सर्वांत खालचे पाच विद्यार्थी निवडा. वरच्या पाचांचे टाळ्या वाजवून कौतुक करा. खालच्या पाचांना खोटेखोटे रागवा. चिठ्ठ्या त्याच ठेवून सर्वांना पुन्हा फासे टाकायला सांगा. वरच्या पाचांची सरासरी बहुधा खाली येईल आणि खालच्या पाचांची वर जाईल.

पण आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्या. वरचे पाच खाली आले तरी ते बहुधा २० च्या वरच राहतात. समजा, एका मुलीकडे १४ ची चिठ्ठी आहे आणि फासे ११ पडले. तिचा आकडा २५. पुढच्या वेळी तिच्याकडून सरासरीने १४ अधिक ७, म्हणजे २१ ची अपेक्षा करावी. ती २५ ची नाही, पण २० चीही नाही. या खेळात चिठ्ठ्यांतील फरक आणि फाशांतील फरक जवळजवळ सारख्या प्रमाणात असल्यामुळे निवडलेले गट सरासरीपासूनच्या अंतरापैकी साधारण निम्मे अंतर परत येतात. चिठ्ठ्यांचे आकडे १०, २०, ३०, ४० असे ठेवले तर कौशल्याचा वाटा वाढेल आणि परतणे फारच थोडे होईल. सर्वांच्या चिठ्ठ्या सारख्याच ठेवल्या तर सारा खेळ नशिबाचा होईल आणि वरचे पाच व खालचे पाच यांत दुसऱ्या फेरीत काहीच भेद उरणार नाही.

एका फेरीऐवजी दहा फेऱ्यांची सरासरी घेऊन निवड केली तर फाशांचे चढउतार एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि चिठ्ठी अधिक स्पष्ट दिसते. म्हणूनच सात सामन्यांपेक्षा ५४ सामने अधिक सांगतात आणि ५४ पेक्षा ५३४.

मिनिटांचा हिशेब

तरीही केवळ सरासरी काढून थांबता येत नाही. तिच्यात काय मिसळले आहे तेही पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या पहिल्या हंगामात फेल्टन दर सामन्याला ३८.४ मिनिटे खेळत होता. पोर्टलंडमध्ये ३१.८ मिनिटे. जास्त वेळ खेळणाऱ्याचे गुण जास्त असणारच. म्हणून दोन्ही आकडे ३६ मिनिटांच्या मापाने मोजू. १७.१ ला ३८.४ ने भागून ३६ ने गुणले तर १६.० येतात. तसेच पोर्टलंडचे १२.९ येतात. कट्ट्यावरच्या वादात ५.७ गुणांची दरी होती, ती ३.१ गुणांवर आली. जवळजवळ अर्धी दरी केवळ घड्याळाची होती. न्यूयॉर्कला परतल्यावर तो ३४ मिनिटे खेळला. त्याचे १३.९ गुण या मापाने १४.७ होतात, म्हणजे पहिल्या खेपेपेक्षा फक्त १.३ ने कमी.

संघही पूर्वीचा राहिला नव्हता. २०१०-११ मध्ये माइक डी’अँटोनी हे प्रशिक्षक होते आणि त्यांचा भर वेगवान खेळावर होता. चेंडू बहुतेक वेळ फेल्टनच्या हाती असे. ते मार्च २०१२ मध्ये पद सोडून गेले. २०१२-१३ मध्ये चेंडू अँथनीकडे अधिक जाऊ लागला. त्या हंगामात २८.७ च्या सरासरीने सबंध एनबीएत गुणांत तोच पहिला आला. फेल्टनचे असिस्ट ९.० वरून ५.५ वर आले. खेळाडू परत आणता येतो, पण त्याचे ते दिवस त्याच्याबरोबर येत नाहीत.

यातून आणखी एक गोष्ट निघते. फेल्टनचे गुण कमी झाले, पण संघाचे काय झाले? २०१०-११ मध्ये निक्सने ४२ सामने जिंकले होते. २०१२-१३ मध्ये ५४ जिंकले आणि हंगामानंतरच्या बाद फेरीत बोस्टनला हरवले. अशी फेरी ते २००० सालानंतर प्रथमच जिंकत होते. त्याचे सारे श्रेय फेल्टनला देता येणार नाही, पण ‘गुण घटले म्हणजे निर्णय चुकला’ असेही म्हणता येणार नाही. त्याच्याकडून जे काम हवे होते तेच बदलले होते.

आणि लिनचे काय झाले?

लिनच्या त्या सात सामन्यांची सरासरी २४.४ येते. ४ फेब्रुवारीपासून दुखापत होईपर्यंतच्या २६ सामन्यांची सरासरी मात्र सुमारे साडेअठरा आहे. त्यावरून हिशेब केला तर पहिल्या सात सामन्यांनंतरच्या १९ सामन्यांत ती सुमारे सोळाच होती. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये असतानाच परतीचा प्रवास सुरू झाला होता, पण चाहत्यांच्या मनात पहिले सात सामनेच घर करून राहिले.

२०१२-१३ मध्ये लिन ह्यूस्टनकडून सर्व ८२ सामने खेळला. त्याची सरासरी होती १३.४ गुण आणि ६.१ असिस्ट. फेल्टनची होती १३.९ गुण आणि ५.५ असिस्ट. ज्या दोघांवरून जुलैमध्ये शहरात दोन तट पडले होते, त्यांचे आकडे वर्षअखेर जवळजवळ सारखेच निघाले!

मग दोघांत फरक काहीच नव्हता का? होता, आणि तो जुलै २०१२ मध्येच सर्वांना माहीत होता. तो वयाचा. फेल्टनचा जन्म १९८४ चा, लिनचा १९८८ चा. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बहुतेक खेळाडूंचा उत्तम काळ पंचविशी ओलांडल्यावर येतो आणि तिशीजवळ उतार सुरू होतो. २०१३-१४ मध्ये लिनची सरासरी १२.५ होती, तर दुखापतींनी गाठलेल्या फेल्टनची ९.७. निक्सने त्या हंगामात फक्त ३७ सामने जिंकले आणि जून २०१४ मध्ये फेल्टनला डलासकडे पाठवले. सरासरी ही स्थिर पातळी नसते, ती वयाबरोबर स्वतःच सरकत असते. ‘यंदा किती?’ आणि ‘करार संपेपर्यंत किती?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

लिनचे ते सात सामने म्हणजे निव्वळ योगायोग, असेही समजू नये. २०१६-१७ मध्ये तो ब्रुकलिनकडून खेळला. तिथले मुख्य प्रशिक्षक केनी अ‍ॅटकिन्सन २०१२ मध्ये निक्सचे सहायक प्रशिक्षक होते. दुखापतींमुळे तो ३६ सामनेच खेळू शकला, पण दर सामन्याला फक्त साडेचोवीस मिनिटे मिळूनही त्याने १४.५ गुणांची सरासरी राखली. ३६ मिनिटांच्या मापाने हे २१ च्या वर जातात. एनबीएतील त्याच्या ४८० सामन्यांची सरासरी ११.६ आहे. त्याची चिठ्ठी चांगलीच होती, फक्त ती २४ ची नव्हती.

शाबासकी आणि रागावणे

आता शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात ते इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांपुढे व्याख्यान देत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने शिकणे अधिक चांगले होते, असे ते सांगत असता एका अनुभवी प्रशिक्षकाने आक्षेप घेतला. कसरत उत्तम करणाऱ्या शिकाऊ वैमानिकाची स्तुती केली की पुढच्या वेळी तो बिघडतो आणि वाईट करणाऱ्याला झापले की सुधारतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकीचा. उत्तम कसरतीनंतरची कसरत स्तुती न करताही बहुधा कमी चांगली झाली असती, आणि वाईटानंतरची न झापताही बरी.

वर सांगितलेल्या फाशांच्या खेळात नेमके हेच घडते. टाळ्या मिळालेले पाच जण घसरतात आणि बोलणी खाल्लेले पाच जण सुधारतात. फाशांना तर शाबासकी कळत नाही आणि शिव्याही कळत नाहीत!

वर्षानुवर्षे वर्गात उभे राहणाऱ्या माणसाला अनुभव हाच धडा देत असतो की रागावण्याचा उपयोग होतो आणि कौतुकाने मुले शेफारतात. हा धडा फसवा असू शकतो. सरासरीकडे परतणे ध्यानात घेतले नाही, तर शिक्षक प्रामाणिकपणे पाहूनही कठोर होत जातो आणि त्याची किंमत मुले मोजतात.

म्हणून एखाद्या मुलाला एका चाचणीत फार कमी गुण पडले, तर फेल्टनच्या बाबतीत विचारायला हवे होते तेच प्रश्न विचारावेत. यापूर्वीच्या साऱ्या चाचण्यांत त्याला किती पडले होते? या वेळी परिस्थिती काय होती, तो आजारी होता का, धडा पूर्ण झाला होता का? सर्वांना वेळ सारखा मिळाला का? आणि तो कोणत्या वयात, कोणत्या दिशेने चालला आहे? मुलांच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न मोठा दिलासा देणारा आहे. तिशीजवळच्या खेळाडूची सरासरी उताराला लागलेली असते, शाळेतल्या मुलाची चढणीला.